जुनाट की जुनेजाणते?

कुरणगड संस्थानात नवा इंग्रज एजंट आला, आणि वृद्ध दिवाण रंगोपंत त्याच्या डोळ्यांत सलू लागले; त्यांना काढून टाकावं असं त्याला वाटे. भर दरबारात तो इंग्रजीत म्हणाला, "मी ओल्ड घराण्यातला आहे. तुमचे दिवाणही ओल्ड आहेत. पुढचं तुम्ही समजा!"

राजेसाहेबांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी दुभाषी अंतोबाकडे पाहिलं. त्या पोरक्याला घरात ठेवून इंग्रजी शिकवलं होतं ते याच रंगोपंतांनी.

अंतोबा अदबीने इंग्रजीत म्हणाला, "साहेब, मराठीत निकामी झालेल्याला जुनाट म्हणतात आणि काळाने शहाणं केलेल्याला जुनाजाणता. आपण दोन्हीकडे एकच शब्द वापरलात, तेव्हा मीही एकच वापरीन. कोणता वापरू?"

साहेब लालबुंद झाला. आपल्या घराण्याला जुनाट कोण म्हणवून घेईल? "दुसरा," तो पुटपुटला.

"महाराज," अंतोबा मोठ्याने म्हणाला, "साहेब जुन्याजाणत्या घराण्यातले आहेत, आणि आपले दिवाणही जुनेजाणते आहेत, असं ते म्हणतात."

"मग अशा माणसाला सोडतंय कोण!" राजेसाहेब हसले.

दरबार उठल्यावर रंगोपंतांनी अंतोबाचे हात धरले. अंतोबा म्हणाला, "काका, तुम्ही दिलेली विद्या तुमच्याच कामी आली. मी भरून पावलो."