एकदाच विचारलेला चहा

एकदा एका तालुक्याच्या गावी, पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर, एक वृद्ध शिक्षक प्रौढांना इंग्रजी शिकवीत असत. खाली गिरणी सुरू झाली की वरची जमीन थरथरे, खिडकीच्या कठड्यावर पिठाचा पातळ थर बसे, आणि वर्तमानकाळ असो वा भूतकाळ, तो ओरडूनच सांगावा लागे. त्यामुळे सरांचा विद्यार्थी कुठेही ओळखू येई. त्याचे इंग्रजी शुद्ध असे आणि आवाज एक पट्टी वर असे.

'द' कुठे लावायचा आणि कुठे गाळायचा, 'सिन्स' कधी आणि 'फॉर' कधी, असल्या सगळ्या अडचणींची उत्तरे सरांकडे होती. मात्र ती ते सरळ कधीच देत नसत. विचारणाऱ्याने आधी धडपडावे, मग त्याला कळावे, असा त्यांचा आग्रह. शहाण्या वृद्धांची ही खोड सगळीकडे सारखीच असते, आणि ज्याला घाई असते त्याचा तिने जीव मेटाकुटीला येतो.

चारुशीलेला फार घाई होती. सरांची ती सर्वांत हुशार शिष्या. पदवी घेतलेली, बोलायला फटकळ. डोंगरावरच्या निवासी शाळेत इंग्रजीची शिक्षिका व्हायचे, एवढे एकच तिला हवे होते. घरच्यांना मात्र मामाच्या सिमेंटच्या एजन्सीतली फोन उचलण्याची नोकरी पसंत होती, आणि ती नोकरी तयारच होती.

एका संध्याकाळी ती जिना धडधडत चढून वर आली. शाळेतली मुलाखत झाली होती आणि जागा दुसऱ्याच कुणाला मिळाली होती.

"सर, माझं कुठं चुकलं ते सांगा," ती उभ्यानेच म्हणाली. "सगळं जसंच्या तसं बोलून दाखवते."

"बस तरी."

ती बसली नाही. मुख्याध्यापक मराठी न जाणणारे, शांत गृहस्थ होते. त्यांनी तिला बरेच काही विचारले आणि तिने सगळ्याची नीट उत्तरे दिली. शेवटी त्यांनी विचारले होते, 'वुड यू लाइक टू टेक द सीनियर क्लासेस?'

"वरचे वर्ग," सर म्हणाले. "तुला तेच हवं होतं."

"तेच तर! मी म्हटलं, 'नो, नो, सर. आय अ‍ॅम न्यू. एनी क्लास विल डू.' यात काय चुकलं? 'एनी' चुकलं? 'विल डू' नको होतं का?"

"वाक्यात काही चूक नाही. मग ते काय म्हणाले?"

"'आय सी' म्हणाले. आणि पुढच्या उमेदवाराला आत बोलावलं."

वर्गात एक बेदाण्याचे व्यापारी बसले होते. परदेशातल्या गिऱ्हाइकांशी स्वतः बोलता यावे म्हणून ते या वयात इंग्रजी शिकत होते. ते सहानुभूतीने म्हणाले, "ताई, अशा ठिकाणी वशिला लागतो."

"नाही लागत हो शेठ तिथं! म्हणून तर मी गेले होते!" मग ती सरांकडे वळली. "शाळा सुरू व्हायच्या आधी आणखी एका जागेसाठी बोलावणार आहेत. तेवढीच संधी. तीही गेली की मी आणि सिमेंट. म्हणून आताच सांगा, माझं व्याकरण कुठं कच्चं आहे?"

सरांनी चष्मा पुसला. "तुझं व्याकरण निर्दोष आहे," ते म्हणाले. "उद्या वेळेवर ये."

एवढे बोलून ते फळ्याकडे वळले. चारुशीला मनातल्या मनात जे म्हणाली ते इथे लिहिण्याजोगे नाही.

त्या घरातली एक रीत सांगायला हवी. वर्ग निम्म्यावर आला की सरांच्या पत्नी, ज्यांना सगळे काकू म्हणत, चहाचा ट्रे घेऊन येत. सर म्हणत, "घ्या." विद्यार्थी म्हणत, "नको, आत्ताच झाला." सर म्हणत, "अहो, घ्या हो." विद्यार्थी म्हणत, "बरं, अर्धा." मग प्रत्येकाला पूर्ण कप मिळे आणि कुणाचाही थेंब उरत नसे. सगळ्यांचे झाल्यावर पातेल्यात राहील तो चहा काकू ओट्याशी उभ्याने घेत. राहिला नाही तर घेत नसत. सर कधी आतल्या बाजूला मान वळवून विचारत, "तू घेतलास का गं?" काकू म्हणत, "नको, मला नकोच होता," आणि सर मान पुन्हा पुढे वळवीत.

दुसऱ्या दिवशी ट्रे आला तेव्हा सरांनी चारुशीलेला विचारले, तेही इंग्रजीत, "विल यू हॅव सम टी?"

"नो, थँक यू, सर."

"ऑल राइट," सर म्हणाले, आणि ट्रे पुढे सरकला.

ती थांबली. सर पुन्हा विचारतील म्हणून तिने हातसुद्धा थोडा मोकळा ठेवला होता. पण सर शेठना मराठीत आग्रह करण्यात गुंतले होते. "घ्या हो शेठ, असं काय करता!" शेठनी अर्धा म्हणत भरून घेतला.

पुढच्या दिवशीही तेच झाले. त्याच्या पुढच्या दिवशी काकूंनी चुरमुऱ्यांचा भडंग केला होता. तळलेल्या लसणाचा वास गिरणीच्या पिठाच्या वासातूनही जाणवत होता. सरांनी विचारले, "वुड यू केअर फॉर सम?" तिने निर्दोष इंग्रजीत नकार दिला. बशी शेठपुढे गेली आणि रिकामी होऊनच परत आली.

काकूंना राहवले नाही. त्या दारातून म्हणाल्या, "अहो, पोरीला परत विचारा की!"

"विचारलं. नको म्हणाली."

"म्हणजे काय, नको म्हणाली म्हणजे खरंच नको का!"

सरांनी पुढचे वाक्य फळ्यावर लिहायला घेतले. शेठ चारुशीलेकडे झुकले आणि त्यांनी आवाज खाली आणला, म्हणजे गिरणीवरून ऐकू जाईल इतपत. "ताई, सरांशी भांडलाय का?"

"नाही."

"मग चहा का बंद केलाय तुमचा? आमच्याकडं पाहुण्याला असं एकदाच विचारलं तर जुळलेली सोयरीक मोडंल."

"माझं इंग्रजी चांगलं आहे, त्याची शिक्षा असेल," ती फणकारून म्हणाली.

असे काही दिवस गेले. मुलाखत जवळ आली, आणि व्याकरणातली चूक अजून सापडली नव्हती. मग एके दिवशी काही नवे विद्यार्थी आले. त्यांना जर-तरची वाक्ये शिकवायची होती. हा भाग चारुशीलेच्या विशेष आवडीचा होता. तो आपण कसा शिकवू, कोणती उदाहरणे घेऊ, याचा तिने कितीदा तरी विचार केला होता, आणि हे सरांना ठाऊक होते. सरांनी खडू हातात घेतला आणि तिच्यापुढे धरला.

"वुड यू लाइक टू टेक द क्लास टुडे?"

तिचा हात खडूकडे निघालाही होता. "नो, नो, सर. हाउ कॅन आय, व्हेन यू आर हिअर?"

"ऑल राइट," सर म्हणाले. "शेठ, वुड यू?"

आयुष्यात शेठना असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. "येस!" ते गरजले आणि धोतर सावरत फळ्यापाशी गेले. खडू हातात धरून त्यांनी वर्गाकडे पाहिले, क्षणभर विचार केला आणि सांगितले, "इफ रेझिन इज वेट, बायर इज अँग्री. इफ बायर इज अँग्री, आय अ‍ॅम वेट." वर्ग हसला. शेठही हसले, कपाळावरचा घाम पुसून त्यांनी 'वेट'चा प्रयोग करून दाखवला आणि नव्या लोकांकडून दोन्ही वाक्ये जोरजोरात म्हणवून घेतली. एखाद्या मास्तरासारखी त्यांची मान ताठ झाली होती.

चारुशीलेचा चेहरा लाल होत चालला होता. शेवटी ती ओरडली, "मला घ्यायचा होता वर्ग!"

नेमकी त्याच क्षणी खाली गिरणी बंद झाली. ते वाक्य सगळ्या खोलीत उघडे पडले. शेठचा खडू फळ्यावर तसाच टेकून राहिला.

"मग 'नो' का म्हणालीस?" सरांनी विचारले.

"तसं म्हणतात म्हणून!"

"कोण म्हणतं?"

"सगळे! तुम्ही! पहिल्या झटक्यात हो म्हटलं तर हावरट म्हणतात. लहानपणापासून हेच शिकवलंय तुम्ही मोठ्या लोकांनी, आणि मुलींना तर जरा जास्तच. नको म्हणायचं, आणि समोरचा पुन्हा विचारतो..." ती मध्येच थांबली.

सरांनी घाई केली नाही. मग ते म्हणाले, "आपल्या भाषेत 'नको' हे उत्तर नसतं. ती पाहुण्यानं चढलेली पहिली पायरी असते. दुसरी यजमानानं चढायची, पुन्हा विचारायचं, हे त्याचं कर्तव्य. न विचारेल तो कृपण. इंग्रजीत बोलणाऱ्या माणसाची रीत निराळी. तो तुझा शब्द खरा धरतो. तू नाही म्हटल्यावर त्यानं पुन्हा विचारलं, तर त्याच्या लेखी तो आग्रह होत नाही, तुझ्या शब्दावर अविश्वास होतो. मुख्याध्यापकांनी तुला डावललं नाही, चारुशीला. त्यांनी तुझा मान राखला. तू बोललीस इंग्रजीत, आणि वाट पाहिलीस मराठीत."

मग ती म्हणाली, "हे एवढंच तुम्ही पहिल्या दिवशी सांगू शकला असतात."

"सांगितलं असतं तर तुला लगेच पटलं असतं. आणि मुलाखतीत तू पुन्हा 'नो'च म्हणाली असतीस. हा नियम डोक्यात राहून भागत नाही, घशात उतरावा लागतो."

"म्हणून घसा कोरडा ठेवलात? ही काय शिकवायची पद्धत झाली? उद्या कुणाला भूतकाळ येत नसेल तर त्याला काय कोंडून ठेवणार?"

"पोरीचं बरोबर आहे," दारातून काकू म्हणाल्या.

सर हसले आणि त्यांनी शेठच्या हातातला खडू घेऊन तिच्या हातात दिला. त्या दिवशीचा वर्ग तिने घेतला.

मुलाखत झाली ती पावसाळ्याआधीच्या एका उकाड्याच्या दुपारी. तेच मुख्याध्यापक, तेच टेबल. जागा खालच्या वर्गांची होती. सगळे विचारून झाल्यावर ते म्हणाले की संध्याकाळी वरच्या मुलांचाही एक तास मोकळा आहे. 'वुड यू केअर टू टेक दॅट?'

'नो' तिच्या घशापर्यंत आला. इतक्या वर्षांची त्याची वाट, तो येणारच. पण घशात आता दुसरेही काहीतरी बसलेले होते, पुढून निघून गेलेल्या कितीतरी कपांची आठवण होती, आणि भडंगाचा वास.

"येस, सर," ती म्हणाली. "आय वुड लाइक दॅट व्हेरी मच."

गिरणीवरच्या सवयीने ती हे इतक्या मोठ्याने म्हणाली की मुख्याध्यापकांची खुर्ची किंचित मागे सरकली. "गुड," ते म्हणाले. तिला कुणी हावरट म्हटले नाही. आकाशही कोसळले नाही.

त्याच संध्याकाळी ती सरांकडे आली. वर्ग सुटला होता, शेठ निघून गेले होते. तिने बातमी सांगितली. सरांनी ऐकून घेतले, मान हलवली आणि मराठीत विचारले, "चहा घेणार?"

"हो. भरून. आणि भडंग असेल तर तोही."

काकू हसत आत गेल्या आणि दोन कप घेऊन आल्या. एक सरांपुढे ठेवला, एक चारुशीलेपुढे, आणि तिच्याशेजारी जरा टेकल्या.

"काकू, तुमचा?"

"नको गं, मला नको."

सरांनी सवयीने मान डोलावली आणि कप उचलला.

"घ्या हो काकू," चारुशीला म्हणाली.

"नको, खरंच नको."

"अर्धा तरी. मी एकटी कशी घेऊ?"

काकूंनी तिच्याकडे पाहिले, मग नवऱ्याकडे, मग आपल्या मोकळ्या हातांकडे. "अर्धा चालेल," त्या हळूच म्हणाल्या.

सरांचा कप ओठांपाशी थांबला. या घरात काकूंना हा प्रश्न नेहमी एकदाच विचारला जात आला होता, आणि या घरातली भाषा तर मराठीच होती. चारुशीलेला हे बोलून दाखवता आले असते, पण तिने आपला चहा घेतला.

सरांनी कप खाली ठेवला, ते उठले आणि आत गेले. बराच वेळ आतून डब्यांची झाकणे उघडल्या-मिटल्याचे आवाज येत राहिले. मग त्यांनी विचारले, "अगं, साखर कुठं ठेवली आहेस?"

"वरच्या फळीवर, निळ्या झाकणाच्या डब्यात," काकूंनी बसल्या जागेवरून सांगितले. त्या उठल्या नाहीत.

सर बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातातला कप अर्धा नव्हता.