तहान मोजावी की पाऊल

प्राण्यांना अजून थोडी लाज वाटायची, तेव्हाची ही गोष्ट. तळ्याकाठची वाट सगळ्यांची होती. नियम एवढाच, की तळ्यावर पाणी प्यायलं की एक पाटी मुरूम वाटेवर टाकायचा. गाढव दिवसातून चारदा प्यायचं आणि चार पाट्या टाकायचं. मग तिथे उंट राहायला आला. तो आठवड्यातून एकदा प्यायचा आणि बाकीचे दिवस फुकट चालायचा.

"उंटदादा, वाट काय सासऱ्याने आंदण दिलीय?" गाढवाने विचारलं.

"तहानच लागत नाही रे, त्याला मी काय करू?" उंट म्हणाला.

गाढव तडक म्हाताऱ्या कासवाकडे गेलं. "आजोबा, पाणी मोजू नका, पावलं मोजा. जितकी पावलं, तितका मुरूम."

तेवढ्यात पाचोळ्यातून गोम बाहेर आली. "पावलं मोजता? आधी माझे पाय तरी मोजा. मी काय जन्मभर मुरूमच वाहू?"

कासव हसलं. "मग गोमताई, तुम्हीच वाटेवरून फिरा. ज्याच्या पावलाच्या खड्ड्यात पडाल, त्याने तो भरायचा."

संध्याकाळपर्यंत गोम उंटाच्या पसरट पावलांत तीनदा पडली. उंटाने मान खाली घालून तीन पाट्या टाकल्या. गाढवाच्या खुरांनी केलेल्या खड्ड्यांत मात्र ती अकरा वेळा पडली.

अकरावी पाटी उचलताना गाढव हळूच म्हणालं, "आजोबा, तो तहानेचा नियम तसा काही वाईट नव्हता."