घटाची माती आणि दोन जावा

एका गावात दोन जावा होत्या. वाटणीत त्यांना नदीकाठचं शेत अर्धं अर्धं मिळालं, मध्ये फक्त बांध. नवरात्रात देवीच्या घटासाठी माती जायची ती मात्र थोरलीच्याच शेतातली, आणि हा मान ती वर्षभर गावात मिरवायची.

एके दिवशी तेलवाल्याची गाडी त्या बांधावर उलटली. पिंपं फुटली आणि दोन्ही शेतांत काळं तेल पसरलं. गवतसुद्धा उगवेना. त्या वर्षी घटाची माती शेजारच्या गावातून आणावी लागली. थोरली चार दिवस धड जेवली नाही.

धाकटीनं रानातल्या कुजक्या ओंडक्याखालची पांढऱ्या तंतूंची माती आणली. तेलकट मातीत ती माती, शेण आणि भिजलेला पेंढा कालवला. रोज पाणी शिंपायची, आठवड्याला माती खालीवर करायची. बाया तिला हसल्या.

पण वर्षाच्या आत तिथं भूछत्रं उगवली. वास गेला, गांडुळं आली, मेथी हिरवीगार झाली. हसणाऱ्या बायाच आता बघायला येऊ लागल्या आणि थोरलीच्या पोटात दुखू लागलं.

"काय गं, कुठला मंत्र घातलास?" तिनं विचारलं.

"मंत्र कसला, आक्का! ही बुरशी आणि डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव तेल खातात. त्यांना ओल द्यायची, वारा द्यायचा, धीर धरायचा." धाकटीनं पांढरा तंतू धरलेला टोपलीभर पेंढा तिच्यापुढं ठेवला. "हा घ्या, तुमच्या मातीत कालवा."

थोरलीला ते खरं वाटेना. 'खरी युक्ती स्वतःपाशी ठेवली आणि मला बुरसटलेला पेंढा दिला!' धाकटीच्या जागी ती असती, तर तिनं तसंच केलं असतं. घरी जाऊन तिनं पेंढा वाळवला आणि चुलीत घातला. मग टेकडीवरची लाल माती आणून शेतावर चार बोटं पसरली. शेत कसं नवंकोरं दिसू लागलं!

नवरात्र आलं. गावकरी म्हणाले, "यंदा धाकटीची माती घेऊ."

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. "मान माझा आहे! माझी माती काय वाईट आहे?"

घटाची माती वीतभर खोल खणून घ्यायची, अशी तिथली रीत. एरवी थोरलीच टोपली भरून द्यायची. आता वाद झाला म्हणून गुरव स्वतः कुदळ घेऊन आला. धाकटीच्या शेतातून भुसभुशीत माती निघाली. थोरलीच्या शेतात दुसऱ्या घावालाच काळा चिखल वर आला आणि जमलेल्या बायांनी नाकाला पदर लावला.

सगळे गेल्यावर थोरली बांधावर बसून रडली. "मला अजून टोपलीभर दे गं," ती म्हणाली.

"आता कुठून देऊ, आक्का? तेल संपलं, तशी ती बुरशीही विरून गेली. तुम्हाला दिली तीच शेवटची होती. रानात ओंडका शोधू, मी येते बरोबर. पण वर्ष जाईल."

"आणि मान?"

देवळात घट बसल्याचे ढोल वाजू लागले. थोरली उठली आणि शेतावरची लाल माती ओढून बाजूला करू लागली.

तात्पर्य इतकंच: मत्सरानं आंधळं झालेल्या माणसाला समोर आलेली मदतही फसवणूक वाटते, आणि नुकसान होतं ते त्याचंच.