ओटीतले नारळ

एकदा एक तरुणी विधानसभेला अपक्ष उभी राहिली. तिला कोणी उभं केलं नव्हतं, ती रागाने उभी राहिली. तिच्या तालुक्यात नदीपलीकडे एकसष्ट मतदारांची एक वाडी आहे. तिथे जायचा साकव, म्हणजे पायी ओलांडायचा छोटा पूल, चार पावसाळ्यांपूर्वी वाहून गेला तो गेलाच. आमदार दर वर्षी येत, पाण्याकडे बघत, फोटो काढून परत जात. मग एका श्रावणात त्या वाडीतली अडलेली बाई दवाखान्यात नेता नेता होडीतच गेली. त्याच आठवड्यात हिने अर्ज भरायचं ठरवलं.

चिन्ह मिळालं बादली. मतदानयंत्रावर नाव पार तळाला. गाडी नाही, पक्ष नाही. सोबतीला फक्त तिचे प्राथमिक शाळेतले गुरुजी. ते त्याच वाडीत राहत. सत्तरी उलटलेला हा सज्जन माणूस छत्री टेकत तिच्याबरोबर गावोगाव हिंडला.

ज्या घरी ती जाई, तिथल्या बायका तिला पाटावर बसवत, हळदकुंकू लावत आणि तिची ओटी भरत. तांदूळ, खण, नारळ. बड्या उमेदवारांच्या नशिबी नुसते हार, ओटी हिचीच. पोरगी हरखून गेली. नारळांनी पोती भरू लागली तशी तिची खात्री वाढत गेली.

"गुरुजी, एक नारळ म्हणजे एक घर," ती म्हणे.

गुरुजी काही बोलत नसत. ही मोठ्यांची स्थितप्रज्ञता आहे, असं तिला वाटे. दुरून कुणालाही तसंच वाटलं असतं.

शेवटच्या दिवशी गुरुजींच्या पत्नीनेही तिची ओटी भरली.

निकाल लागला आणि ती आपटली. हरण्याची तयारी तिने ठेवली होती. पण मतमोजणीनंतर केंद्रागणिक आकड्यांचा कागद हाती आला, तेव्हा तिने तो बोट फिरवत खालपर्यंत वाचला. सगळ्यांत शेवटची ओळ नदीपलीकडच्या वाडीची होती. मतदान एकसष्ट. बादली, शून्य.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती होडीने पलीकडे गेली. गुरुजी पडवीत बसले होते. तिने कागद त्यांच्यापुढे धरला.

"शून्य, गुरुजी. एक तरी असायला हवं होतं ना? तुमचं?"

गुरुजींनी कागद पाहिला. मग ते उठले, स्वतःच्या हाताने पाट मांडला आणि आत हाक दिली, "अगं, हिची ओटी भर."

"आता कशाला? आता मी मतं मागायला आले नाही!" ती संतापून ओरडली.

"बस, बाय," ते म्हणाले. ती बसली. काकू सूप घेऊन आल्या, पण त्यांना तिच्याकडे बघवेना.

गुरुजी सावकाश बोलू लागले. "ओटी कधी भरतात, पोरी? घरात राहणारीची रोज कोणी भरत नाही. लेक सासरी निघाली, म्हणजे भरतात. तिच्यावर माया असते, डोळ्यांत पाणी असतं, आणि ती जाणार हेही ठरलेलं असतं. गावोगावच्या बायकांनी तुझी ओटी खऱ्या मायेनं भरली. त्यातली एकही खोटं वागली नाही. तू मायेला मत समजलीस. मला पहिल्या गावातच कळलं होतं. बोलायचा धीर झाला नाही."

"पण तुम्ही?"

"मतदानाच्या आदल्या दिवशी आमदारांचा माणूस इथंच, या पडवीत बसून गेला. म्हणाला, गुरुजी, तुमच्या वाडीचं यंत्र वेगळं असतं, त्यात काय निघालं ते आम्हाला दिसतं. साकवाचा कागद साहेबांच्या टेबलावर आहे. एवढंच म्हणाला, चहा प्यायला आणि गेला. मग वाडी जमली. एक जरी मत इकडंतिकडं झालं असतं, तर कोणाचं म्हणून माझ्याकडंच बोट दाखवलं असतं. मी भ्यायलो. मतदान गुप्त असतं, हे मी फळ्यावर बत्तीस वर्षं लिहिलं. तू पहिल्या बाकावर बसून उतरवून घेतलंस. तुझी वही कोरी राहिली असती तरी चाललं असतं."

"साकव होईल का?" तिने विचारलं.

"मागच्या वेळीही आम्ही एकसष्टच्या एकसष्ट त्यांनाच दिली होती," गुरुजी म्हणाले.

काकूंनी तांदूळ घातले, नारळ ठेवला. तिने पदर आवरला आणि दोघांच्या पाया पडली. राग कुठल्या कुठे गेला होता. तो गेल्याचंच तिला जास्त वाईट वाटलं. एवढ्या मोठ्या मतदारसंघात आता रागवायलाही कोणी उरलं नव्हतं.

आपल्याकडे उंबरठा ओलांडताना 'येते' म्हणायची रीत आहे. लहान पोर चुकून 'जाते' म्हणाली, तरी घरातलं कोणीतरी लगेच टोकतं.

"जाते, गुरुजी," ती म्हणाली.

बत्तीस वर्षं मुलांच्या चुका सुधारणाऱ्या गुरुजींनी तिला टोकलं नाही.