उप्पलेच्या घरचे मीठ

पूर्वी धान्यवती नगरीत अरिंदम राजाची सत्ता होती. त्या काळी बोधिसत्त्व व्यापाऱ्याच्या कुळात जन्मले आणि पुढे बैलांचा तांडा घेऊन देशोदेशी मीठ विकू लागले.

त्यांच्या वाटेवर घाटाच्या पायथ्याशी वेणुग्राम होते. तिथले लोक बांबूचे मुखवटे विणत आणि दर पौर्णिमेला ते चढवून नाचत. नाच पाहायला वाटसरू थांबत. गावाने ठरवल्याप्रमाणे ते पाळीपाळीने एकेका घरी उतरत आणि जाताना यजमानाला काही ना काही देत. बोधिसत्त्वांचा भागीदार नंदिय याच्या तोंडाला पाणी सुटले. त्याने राजाची परवानगी मिळवली. वेशीवर दोघांची पांथशाळा होणार, वाटसरू तिथेच उतरणार, नाचही तिथेच आणि रोज होणार. बोधिसत्त्वांची संमती तेवढी उरली होती.

दोघे जागा पाहायला आले तेव्हा पाळी उप्पला नावाच्या विधवेची होती. तिचा एकुलता मुलगा सोण बोचके बांधून बसला होता. पांथशाळा झाल्यावर घरी पाहुणाच येणार नसेल तर खायचे काय, म्हणून तो तांड्याबरोबर नगरात हमालीला निघाला होता. उप्पलेच्या घशाखाली घास उतरत नव्हता. तरी तिने पाहुण्यांना काही कमी पडू दिले नाही. सकाळी बोधिसत्त्वांनी तिला गुलाबी सैंधवाचा मोठा खडा दिला.

मग ते गावात फिरले. कुंभाराकडे पाणी मागितले, तर फळीवर त्याच गुलाबी मिठाचा तुकडा. तेल्याकडेही तोच, आणि ढोल वाजवणाऱ्याच्या घरी तर ते आंबिलीत पडलेसुद्धा. परत येऊन पाहतात तो उप्पलेकडे बोराएवढा खडा उरलेला.

"बाई, तुला एवढेच?" त्यांनी विचारले.

"पाहुणा माझ्याकडे जेवला, बाबा, पण मडकी कुंभाराची, तेल तेल्याचे. उद्या त्यांच्याकडे पाहुणे आले की नाचाचे मुखवटे माझ्याकडूनच नेतील आणि माझा वाटा देतील."

बोधिसत्त्व नंदियाला म्हणाले, "पांथशाळेत हा खडा आपल्या रांजणात पडेल आणि तिथेच राहील. माझी संमती नाही."

नंदिय फार फणफणला. हातचा नफा कोणी सोडतो का, असे त्याने परोपरीने सांगून पाहिले. बोधिसत्त्वांनी ऐकून घेतले आणि नगरात जाऊन राजाची परवानगी परत केली. पाहुण्यांची व्यवस्था गावाकडेच राहावी, असे वचनही मागून घेतले.

इकडे सोणने बोधिसत्त्वांचा नकार ऐकून त्याच सकाळी बोचके सोडले होते. सर्वांत वर त्याचा वाघाचा मुखवटा निघाला. हमालीला निघालेल्या मुलाने तो कशाला घेतला होता, हे कोणी विचारले नाही. उप्पला मात्र त्या दिवशी पोटभर जेवली.

ही कथा सांगून शास्ता म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे आपला आनंद. सोण आज आपल्यात सर्वांच्या मागून भिक्षा घेतो. नंदिय म्हणजे आज सकाळी सगळी खीर स्वतःच्याच पात्रात ओतून घेणारा हा भिक्खू. आणि तो मिठाचा व्यापारी मीच होतो."

त्या भिक्खूने आपले पात्र शेजाऱ्यापुढे सरकवले. बोधिसत्त्वांची दानपारमिता, म्हणजे दानाची परिपूर्णता, ती हीच.