पाटीभर भाजीचा चोर

“पाटीभर भाजी मुदपाकखान्यात गेली आणि ताटात आली वाटीभर! बाकीची कुठे गेली?” दंडधर महाराज गरजले.

भाजीही साधीसुधी नव्हती. दूरदेशीच्या व्यापाऱ्याने नजराण्यात दिलेल्या बियांची ती चार्ड. पानं पालकासारखी, पण चांगली तळहाताएवढी, आणि देठ लालभडक. महाराजांनी वाफ्यावर शिपाई बसवले होते. पहिली खुडणी जातीने पाहिली होती. चूल मात्र त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

“सरकार, पालेभाजी शिजली की खाली बसते,” रखमाजी आचारी हात जोडून म्हणाला.

“आमच्यासमोर? उभी राहा म्हणावं तिला! चुलीपाशी तुझ्याशिवाय कुणी नव्हतं. जो चुलीपाशी, तोच चोर! उद्या दुपारपर्यंत दुसरा चोर हजर कर, नाहीतर राज्याबाहेर चालता हो!”

प्रधानजींनी मान डोलावली. त्यांच्या घरीही भाजी शिजून एवढीशीच होत असे. पण प्रधानकी टिकवायची होती.

रखमाजीने घरी येऊन गाठोडं बांधायला घेतलं. त्याची लेक यसू तडक वाड्यावर गेली.

“महाराज, चोर मी पकडून देते. आणखी पाटीभर भाजी द्या, आणि पातेल्यावर पहारा तुम्हीच करा. दुसऱ्या कुणाचा काय भरवसा?”

महाराजांना हे फार पटलं.

दुसऱ्या दिवशी यसूने त्यांच्यादेखत पाटीभर भाजी पातेल्यात दाबून भरली, झाकण ठेवलं, चूल पेटवली आणि सगळ्यांना घेऊन ती अंगणात जाऊन बसली. महाराजांनी आतून कडी लावली. धुराने डोळ्यांना धारा लागल्या, पण गडी जागचा हलला नाही.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. यसूने झाकण काढलं. तळाशी वाटीभर भाजी!

“आत कुणी आलं होतं, महाराज?”

“माशीसुद्धा नाही!”

“मग चुलीपाशी कोण होतं?”

प्रधानजी आढ्याकडे पाहू लागले.

“आम्हीच,” महाराज हळूच म्हणाले.

“सापडला की चोर!” यसू म्हणाली. “आता कोणत्या वेशीतून जाणार तेवढं सांगा. शिदोरीला भाकरी बांधून देते. भाजी काही पुरायची नाही!”

महाराज पोट धरधरून हसत सुटले.

“शिक्षा माफ कर, पोरी! चार्डचा अख्खा वाफा आजपासून तुझा,” ते म्हणाले. “आणि रखमाजी, बघतोस काय? चोराला जेवायला वाढ!”