दाराशी धरलेलं पात्र

हे कुणाला सांगायचं नाही, असं विशाखाआत्यानं बजावलं होतं. तरी सांगते.

“भंते, आता मला एकटं वाटत नाही. ध्यान साधलं म्हणायचं ना?”

आत्यानं बंद दाराआडून विचारलं. बाहेर म्हातारे भंते सुमेध उभे होते.

टीबी झाला तेव्हा तिला मळ्यातल्या या खोलीत वेगळं ठेवलं होतं. ती रात्रंदिवस रडायची, म्हणून भंतेंनीच तिला श्वासावर लक्ष ठेवायला शिकवलं. आता आजार सरला होता. डॉक्टरांनी घरी जा म्हणून सांगितलं, त्यालाही महिने लोटले. आत्या काही बाहेर आली नव्हती.

“पूर्वी वहिनीची चाहूल लागली की जीव गलबलायचा,” ती म्हणाली. “आता ती डबा ठेवून जाते, मन हलत नाही. मला कुणाची गरजच वाटत नाही.”

“मला वाटते,” भंते म्हणाले.

त्यांनी झोळीतून भिक्षापात्र काढलं आणि दारासमोर धरलं.

पात्र रिकामं होतं. भंते कधी मागत नसत. कुणी पात्रात घातलं तरच जेवायचे, तेही दुपार व्हायच्या आत. ऊन माथ्यावर येत चाललं होतं.

…

तेवढ्यात आत्याची वहिनी डबा घेऊन आली.

“भंते, घरी चला ना. गरम भाजी आहे. या काय वाढणार? आम्हालाच तोंड दाखवत नाहीत महाराणी.”

पात्र हललं नाही.

“वहिनी, तूच घाल की,” आतून आवाज आला. “डबा तुझ्याच हातात आहे.”

वहिनीनं भंतेंकडे पाहिलं. मग डबा मुकाट्यानं पायरीवर ठेवला आणि बाजूला झाली.

…

इतका वेळ पात्र धरून भंतेंची मनगटं कापू लागली.

कडी वाजली.

आत्या उंबऱ्यात आली. उन्हानं तिचे डोळे दिपले. तिनं डब्यातली भाकरी उचलली आणि तिथेच थबकली.

“भंते… खरं सांगू? भीती वाटते. माझ्या हातचं खाऊन तुम्हाला काही झालं तर?”

भंतेंनी पात्र आणखी पुढे केलं.

“हात थरथरतायत माझे.”

“माझेही,” भंते म्हणाले. “नेम धरून घाल.”